दहा हजार किलोमीटर आणि एक ‘नको’

प्रिय अजेय,

हे पत्र तुझ्या सासूबाईंच्या बॅगेतून येतंय. पाकीट भाताच्या शितांनी घट्ट चिकटवलंय, फाटलेलं दिसलं तर काय ते समजून जा. अंबिकाताई काल दिवेआगरहून फेरीबोटीने निरोप घ्यायला आल्या होत्या. सईसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा मी पुढे केला, तर म्हणाल्या, बॅगेचं वजन पूर्ण झालं हो. त्यांचे लाडू आधीच आत! पाकिटाला तेवढी जागा निघाली, उपकारच म्हणायचे.

खोटं कशाला लिहू, जळते मी त्यांच्यावर. पहिलं बाळंतपण माहेरचं, मान्य. लेकीजवळ आई जाणारच. पण बाळाला आधी मांडीवर त्या घेणार आणि मी फोनच्या काचेवर बोट फिरवत बसणार, हे काही केल्या पचत नाही. परवा फोनलाच विचारलं, मुंबई ते मेलबर्न विमानाने किती लांब? जवळजवळ दहा हजार किलोमीटर म्हणे. आता दिवेआगर काय आणि आपलं आगरदांडा काय, मध्ये एक खाडी. मग मेलबर्न त्यांना जवळ आणि मलाच लांब कसं झालं रे?

चूक कुठे झाली ते मला ठाऊक आहे. दिवाळीत तू विचारलंस, आई, येतेस का? मी म्हटलं, नको रे, वाडीला पाणी कोण लावणार. तू ‘बरं’ म्हणालास आणि फोन ठेवलास. बरं? अरे, लहानपणी जनीमावशी चकली द्यायची तेव्हा दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा हात पुढे करायचास. मीच शिकवलं होतं ना तुला? दोन दिवस फोन पदराला बांधल्यासारखा घेऊन फिरले, तू पुन्हा विचारशील म्हणून. तिसऱ्या दिवशी कळलं, तिकीट अंबिकाताईंचं निघालं. त्या म्हणे पहिल्या फटक्यात हो म्हणाल्या. आपल्यात असं कोणी म्हणतं का? जरा तरी आढेवेढे घ्यावेत माणसाने!

तुझे बाबा गेल्यापासून वाडी मीच बघते, हे खरं. पण शेजारच्या सदाला पाण्याचं सांगून ठेवलंय. काकू, कुठे निघालात, म्हणून त्याने चारदा विचारलं. त्याला चारदा सुचतं बघ.

गेल्या महिन्यात मी पासपोर्ट काढलाय. फोटोत भांडायला निघाल्यासारखी दिसते, पण आहे तो माझाच. कोणाला सांगितलेलं नाही. अंबिकाताई राहू देत खुशाल तीन महिने, त्या परतल्या की मला यायचंय. फोनवर जीभ ऐनवेळी दगा देईल, म्हणून हे लिहितेय. पत्र वाचलंस की मला विचार, मी लगेच हो म्हणेन. आणि सवयीने तोंडातून नको निघालंच, तर लेका, पुन्हा विचार.

तुझीच,
सख्खी आई