हजारी पंचवीस

खांदेश्वर, ता. ४ ऑगस्ट २०२५

ती. वैजयंतीताईस,
शि. सा. न. वि. वि.

दूरध्वनीवर तू केवळ रडतेस, अस्मादिकांचे वक्तृत्व वाया जाते; सबब हा पत्रप्रपंच. आमच्या ईश्वरीस सातव्याच महिन्यात कन्यारत्न झाले. भार सव्वा किलो. सांप्रत मुक्काम रुग्णालयाच्या काचपेटीत.

तुझी आज्ञा अशी की, बाळ शेजारणीस पसाभर कोंड्याला विकावे, म्हणजे यमाला ते आपले वाटणार नाही. धन्य! माझ्या जन्मवर्षी, एकाहत्तरात, देशात हजारी सव्वाशेहून अधिक बाळे वर्षाच्या आत जात. आज पंचवीसच्या आसपास. राष्ट्रीय उत्पन्न वाढले. शुद्ध पाणी, लसी, काचपेट्या आल्या. महाविद्यालयात हेच मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढतो: एक रेघ चढते, दुसरी उतरते. शिवाय आमच्या सोसायटीत कोंडा दुर्मिळ; ओट्स चालतील काय, ते कळवावे.

तुझा आज्ञांकित, परंतु सुशिक्षित बंधू,
सुभाष

कोरेगाव, ता. ९ ऑगस्ट

चि. सुभाषास अनेक आशीर्वाद.

ओट्स वाचून हसले, मग हसू गेलं. रेघ उतरते म्हणतोस. त्या पंचवीसांच्या घरी ती उतरलेली नसते रे. तुझ्याआधी एक मुलगी गेली, एवढंच तुला ठाऊक. तीन गेली. तिसऱ्याला नेलं तेव्हा मी सात वर्षांची होते. त्याचं झबलं आईनं मला बाहुलीला घालू दिलं नाही.

तू झालास तेव्हा शेजारच्या केशरबाईंनी कोंडा देऊन तुला विकत घेतलं आणि आईकडे सांभाळायला ठेवलं. कुणी तुझं कौतुक केलं की आई म्हणायची, माझा कुठला, केशरबाईंचा तो. जाईपर्यंत ती तुला ‘माझा’ म्हणाली नाही. तुला वाटलं, तू तिला नकोसा होतास. तिच्या शेवटच्या दुखण्यातही जवळ बसला नाहीस. सांगितलं तर व्यवहार मोडतो, म्हणून मला बंदी होती. आता चौपन्नाचा झालास, मोडू दे.

बाळाचं लगेच कळव.
ताई

खांदेश्वर, ता. १३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचले. उत्तरार्थ विनोद सुचला नाही, क्षमस्व.

काल बाळाचा श्वास अडखळू लागला. डॉक्टर म्हणाले, एवढा दिवस निघू दे. संघमित्रा नामक परिचारिकेने वहीत नाते लिहावयास सांगितले. ‘मातामह’ हा भारदस्त शब्द लेखणीच्या टोकाशी आला आणि थिजला. मी म्हणालो, ही आमची नव्हे. तिने सुनावले की, मग काका, इथे गर्दी कशाला करता, बाहेर व्हा. अर्थशास्त्राचा प्राध्यापक धडधडीत खोटे बोलून बाहेर आला, आणि त्याला हायसे वाटले.

ईश्वरीने ते ऐकले. मुलगी झाली म्हणून बाबांनी तोंड फिरवले, असा तिचा समज झाला आहे. ती माझ्याशी बोलत नाही. तिला इतक्यात काही सांगू नकोस.

बाळ आज श्वास घेत आहे. मी पाहिले, पाहत नसल्यासारखे पाहिले.

लोभ असावा, उघड दाखवू नये.

सुभाष