पट्टीवरचं वाक्य

१२ सप्टेंबर, गुरुवार
टपालाने इथे उरावाला मिनाझुकी प्रकाशनाचं जाड पाकीट. उओझुमी चिहोको यांच्या येणाऱ्या कादंबरीची कच्ची प्रत, वाचकांनी भरून पाठवायचं पोस्टकार्ड, आणि ५ ऑक्टोबरला तोक्योत ‘ब्लॉगर-लेखिका भेट’, तिचं आमंत्रण. खाली ठळक ओळ: निवडक अभिप्राय पुस्तकाच्या पट्टीवर छापू.
निवडक म्हणजे कोणाचे, हे त्यांनी लिहिलेलं नाही. गरज वाटली नसावी.
पुस्तकाच्या कमरेला ती कागदी पट्टी असतेच. दुकानात माणूस आधी पट्टी वाचतो, मग पुस्तक. कित्येकजण नुसतीच पट्टी. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढली, नाव कुठे छापून आलं नाही. आता येईल. ब्लॉगला रोज अकरा वाचक आहेत. त्यात तीनदा मी असतो, तरीही.
पोस्टकार्ड बायकोला, सुमिएला दिलं. भाजीची यादी करायला बरं.
संकल्प: रोज चाळीस पानं.

१५ सप्टेंबर, रविवार
सहा पानं झाली. व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली, त्यात वेळ गेला. ‘समीक्षक’ की ‘साहित्य समीक्षक’? दोन्ही नको म्हणून ‘ज्येष्ठ साहित्य समीक्षक’. शंभर नग.

२३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी
वीस पानं. सार्वजनिक न्हाणीघर चालवणारी बाई आहे, नवरा आहे. दम आहे, पण पट्टीच्या वाक्याचं आधी बघायला हवं. सतरा वाक्यं तयार. सगळ्यात छोटं चार ओळींचं.
प्रत हरवली होती. सुमिएच्या पिशवीत सापडली. बाई माझी प्रत भाजीत घालून हिंडवते.
मुळा किसता किसता ती कुठल्याशा कुत्र्याबद्दल काही सांगत होती. शेजारच्यांचा असेल. मी ‘हं’ म्हटलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार
झोप नीट नाही. भूक नाही. पुस्तक तीनशे चाळीस पानी आहे हे आधी सांगायला हवं होतं.
माझी जुनी पद्धत: पहिली वीस, शेवटची दहा. लेखक मधे फक्त पानं भरतात. शेवटची दहा वाचली. म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन बाई समुद्राकडे निघून जाते. सुन्न झालो. अठरावं वाक्य सुचलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
सुमिएने कोटाला इस्त्री केली. म्हणाली, “अहो, अनुक्रमणिका तरी बघून जा.” पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाच्या बायकोने मला अनुक्रमणिका शिकवावी.

५ ऑक्टोबर, शनिवार. परतीच्या गाडीत
दिग्विजय. आठ ब्लॉगर होते, सगळे पोरसवदा. उओझुमीबाई प्रत्येक टेबलावर दहा मिनिटं बसत होत्या. आमच्या टेबलावरची साडेनऊ मिनिटं मी बोललो. म्हटलं, बाई आयुष्यभर न्हाणीघर सांभाळते आणि शेवटी माणूस नाही, कुत्रा तिला सोबत करतो, यात तुम्ही सगळं सांगितलंत.
बाई हळूच म्हणाल्या, “असं कुणी वाचेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. खूप शिकायला मिळालं.” भारावल्या होत्या. संपादक तोनोइके चहाच्या कपात बघत होते. सेंदाईहून आलेल्या मुलीला खोकला आला.
निघताना तोनोइकेंना अठराही वाक्यं कागदावर दिली. दोन्ही हातांनी घेतली. म्हणाले, “नीट विचार करून कळवतो.” आपल्याकडे याचा अर्थ ‘नाही’ होतो हे मला ठाऊक आहे. पण यांचा सूर वेगळा होता.
कार्डं गेली नऊ. एक कोट ठेवणाऱ्या माणसाला.

१४ ऑक्टोबर, सोमवार
मेल नाही. कचऱ्याच्या मेलमध्ये अकरा वेळा पाहिलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
मेल नाही. म्हणजे नक्की झालंय, गुपित ठेवताहेत. दुकानदाराला पाच प्रती राखून ठेवायला सांगितलं. सुमिए हसली. का, ते सांगेना.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
आज पुस्तक येणार म्हणून दुकान उघडायच्या आधी दारात उभा होतो. पिवळी पट्टी. तिच्यावर एकच वाक्य. माझं नाही.
‘ती नवऱ्याशी बोलते आणि तो “हं” म्हणतो, तिथे मी पुस्तक मिटलं, स्वयंपाकघरात जरा उभी राहिले आणि पुन्हा उघडलं. — गृहिणी, ५८, उरावा’
उरावात अठ्ठावन्न वर्षांच्या गृहिणी पुष्कळ असतील असं घरी येईपर्यंत म्हणत होतो.
पाचही प्रती टेबलावर ठेवल्या. सुमिएने हात पुसले, पट्टी वाचली, कान लाल झाले. म्हणाली, “कार्ड कोरं होतं, वाया कशाला घालवायचं? यादी काय, कशावरही होते.” कुत्र्याचं विचारलं. म्हणाली, ती वेगळी कथा आहे, पुस्तकाच्या शेवटी जोडलेली. कादंबरीत कुत्रा नाहीच.
म्हटलं, मग मला आधी सांगायचं नाही का?
“सांगितलं होतं की.”
शक्यच नाही. मी सगळं लिहून ठेवतो. वही काढून मागची पानं उलटली.
२३ सप्टेंबर. मुळा आहे. कुत्रा आहे. ‘हं’ पण आहे.