माझ्या समक्ष झडती

७ डिसेंबर २०२३
इन्स्पेक्टर घोषालांचा फोन. कोलकाता पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकात असतात. संशयिताची अंगझडती घ्यायच्या आधी त्याला सांगावं लागतं म्हणे, की मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती मागायचा तुला हक्क आहे. गरज पडली तर याल का? तत्काळ होकार. सेल्फ-अटेस्टेशन सुरू झाल्यापासून माझ्या शिक्क्याचं पॅड वाळून कोळ झालंय. अखेर कुणाला तरी राजपत्रित माणूस लागला. बायको, श्यामला, म्हणाली, आधी कायदा वाचून घ्या. वाचणार. रविवारी.

१४ डिसेंबर, सकाळ
खिदिरपूरला डॉकजवळ तपन नावाचा हमाल पकडलाय. तो म्हणतो, मोठ्या साहेबांसमोरच तपासा. मोठे साहेब म्हणजे अस्मादिक. श्यामला म्हणाली, गार्डन रीचहून ऑटोनं आत्ता पोचाल. क्लास वन अधिकारी सरकारी कामाला शेअर ऑटोत अंग चोरून बसत नाही. ऑफिसची गाडी मागवली.

त्याच दिवशी, दुपार
गाडी पंक्चर. पोचलो तर झडती उरकलेली. टेबलावर हेरॉइनचं पाकीट, तपन भिंतीशी उकिडवा. घोषाल म्हणाले, किती वाट बघायची, तुम्ही निघाला होतातच. बरोबर आहे. मनानं मी केव्हाच तिथं होतो. पंचनाम्यावर 'माझ्या समक्ष' याखाली सही केली. तपन हिंदीत म्हणाला, "साहेब, तुम्ही तर आत्ता आलात. हे पाकीट माझं नाही." त्याला गप्प केलं गेलं. नंतर चहा आणि बंगाली मिठाई, नोलेन गुळाचा संदेश. संदेश उत्तम.

२० डिसेंबर
कलम वाचलं. झडतीला सबळ कारण दिसलं नाही, तर त्या अधिकाऱ्यानं माणसाला तिथल्या तिथं सोडून द्यायचं, असं लिहिलंय. म्हणजे मी सोडू शकलो असतो. कुणी सांगितलं नाही. जेवण गेलं नाही. श्यामला म्हणाली, 'मी तिथं नव्हतो' असं लेखी कळवा. कळवणार. पण मसुदा मुद्देसूद हवा.

११ मार्च २०२४
मसुदा चालू आहे.
तपनची आई क्वार्टरवर आली. धुणीभांडी करते. जामीन नाही. श्यामलानं खुर्ची दिली तरी पायरीवरच बसली. वकिलानं तिला सांगितलंय, सगळी केस या एका सहीवर उभी आहे. साहेब खरं बोलले तर पोरगा सुटेल, नाहीतर कमीत कमी दहा वर्षं. मी तोडक्यामोडक्या बंगालीत म्हटलं, कोर्टात खरं तेच सांगणार. बाई रडली. मलाही भरून आलं. चारित्र्य म्हणतात ते हेच. संध्याकाळी मासे आणले.

२ सप्टेंबर
साक्ष पुन्हा पुढे ढकलली. बरंच झालं, तयारीला वेळ मिळतो.
घोषालांचा फोन. आपुलकीनं बोलले. खोटी सही असं निघालं तर खात्याची चौकशी लागेल, तुमची बढती तोंडावर आलीय, जपा. भला माणूस आहे. श्यामलाला सांगितलं. ती म्हणाली, "आणि त्या पोराची आई काय करते?" हल्ली तिच्याशी सरळ बोलायची सोय नाही.

१८ जानेवारी २०२५
पक्का निर्णय. आधी बढती, मग सत्य. वरच्या पदावरच्या माणसाच्या शब्दाला जास्त वजन असतं. यात तपनचंच हित आहे.

६ मे
साक्ष झाली. बढतीची ऑर्डर अजून नाही, त्याला मी काय करणार?
तपन पिंजऱ्यात. ओळखू आला नाही, इतका वाळलाय. त्याच्या वकिलानं इंग्रजीत विचारलं, झडती चालू असताना तुम्ही हजर होता का? 'येस' म्हणालो. एवढंच. त्यानं खोदून विचारलं असतं तर सगळं सांगणार होतो. त्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी पुन्हा 'येस' म्हणालो.
श्यामला मागच्या बाकावर बसली होती. उठून गेली.
बाहेर आवारात तपनची आई थांबलेली. तिला इंग्रजी कळत नाही. विचारलं, "बाबू, सांगितलंत ना?"
हो म्हटलं. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि विचारलं, पोराला कधी सोडतील?
लवकरच, म्हटलं.