सुजाताच्या माशांचं पाणी

प्रिय सुजाता,

तुझ्या आईने आज फर्मान काढलं, "तिला लिवा. तिला नको कलाया?" कुठल्या पत्त्यावर लिहू, हे विचारायची माझी छाती झाली नाही. म्हणून बसलोय लिहायला. बातमी शेवटी सांगतो, आधी माझं भांडण ऐक.

आपल्या बोअरिंगच्या पाण्यात डाळ धड शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर चढतो. आणि तुला पाळायचे होते ते नाजूक एंजलफिश! जोडीने टाकीतल्या कौलाच्या तुकड्यावर अंडी घालायची आणि दोन दिवसांत ती पांढरी पडायची. "बाबा, पाणी जड आहे, त्यात पिल्लं निघत नाहीत," म्हणालीस आणि ठाण्याच्या ऑफिसातून कॅन भरून आणायला लागलीस. आटगाव स्टेशनला उतरलीस की कॉइन बॉक्सवरून शेजाऱ्यांकडे फोन, "बाबांना सायकल घेऊन पाठवा." किती हसायचो मी! धरण आपल्या तालुक्यात, पाणी जातं ठाण्याला, आणि आमची लेक ते कॅनमधून परत आणते!

तूही हसायचीस. पण ते पाणी टाकीत ओतताना मला हात लावू द्यायची नाहीस. "एकदम नाय ओतायचं, बाबा. रोज तांब्याभर. त्यांना सवय होऊ दे."

माशांची एवढी काळजी! मग आमची का नाही केलीस गं? साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेलीस. आम्हाला नको होता का थोडा वेळ? राग येतो मला तुझा. फार राग येतो.

आई म्हणाली, टाकी देऊन टाका कुणाला तरी. मी ऐकलं नाही. तुला बघायची होती ती पिल्लं मला बघायचीच होती. कॅन आणणारं आता कोणी नव्हतं, म्हणून बोअरिंगचंच पाणी चुलीवर उकळायचो, गार करायचो आणि खाली साका बसला की वरचं अलगद काढून घ्यायचो. "मानसांची डाल शिजत नाय, आन तुमी माशांचं पानी उकलता!" असं म्हणत म्हणत तुझी आईच पहाटे टोप चढवायला लागली.

जोडीने पुन्हा अंडी घातली. ती पुन्हा पांढरी पडली.  पाणी मात्र आम्ही थोडं थोडं बदलत राहिलो.

आज सकाळी मी अंगणात होतो. आतून तिची हाक आली, "सुजे गो, ये धावत! पिल्लं निंगाली!"

धावत मी गेलो. कौलावर इवल्याशा शेपट्या वळवळत होत्या. ती टाकीपाशी तोंडाला पदर लावून उभी होती. आपण कोणाला बोलावलं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं असावं.  मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.

सुजे, पिल्लं जगतील की नाही, मला ठाऊक नाही. त्याचा शब्द देत नाही. पण एवढा शब्द देतो, यापुढे तुझ्या आईने तुझ्या नावाने हाक मारली, की ओ मी देईन.

तुझा,
बाबा