तुमच्या शिबिरात ती कधीच नव्हती

आप्पा, गेल्या आठवड्यात तोरणमाळच्या शिबिराला तुमचं नाव दिलं. तलावाच्या वरच्या अंगाला तुम्ही तंबू ठोकायचात, तिथं आता पक्की शेड आहे, आणि शेडवर निळ्या अक्षरांत तुम्ही. मी तिथं होते. धाकटीही होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं लोटली, राग आता विरला असेल असं वाटलं होतं. आज दुपारी तिला भरवलं, तोंड पुसलं, आणि लिहायला बसले तर लक्षात आलं, मी तुमच्याशी भांडायलाच बसलेय. घरात आपण अहिराणी बोलायचो. हे मात्र मराठीत लिहितेय, कारण शिबिरात तुम्ही मराठी बोलायचात आणि मला त्या शिबिरातल्या माणसाशी बोलायचं आहे. घरातल्या माणसाशी माझं तेवढं भांडण नाही.

तुम्ही ढोंगी असता तर सोपं झालं असतं. तसे तुम्ही नव्हतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शहाद्याच्या शाळेतला पीटीचा मास्तर, नाताळच्या सुट्टीत सासुरवाडीला जायचं सोडून मुलं गोळा करत फिरायचा. आंधळी, पोलिओ झालेली, ऐकू न येणारी, आणि त्यांच्याबरोबर धडधाकटही. खालच्या गावांतली शेतकऱ्यांची आणि वर डोंगरातल्या आश्रमशाळांमधली, दोन्हीकडची. तुम्ही त्यांच्या जोड्या लावायचात. चालता न येणाऱ्यासाठी बांबूची खुर्ची बनवून घेतली होतीत, डोंगरात आजारी माणसाला झोळीत घालून नेतात तशी खांद्यावरून न्यायची. आंधळ्या मुलांना एकट्यानं फिरता यावं म्हणून तंबूपासून तलावापर्यंत झाडाझाडाला दोर बांधलेला असायचा. पहिल्या वर्षी खालची पोरं घरून डबे घेऊन आली, डोंगरातल्या पावरा आदिवासींच्या हातचं खायचं नाही म्हणून. तुम्ही काही रागावला नाहीत. सगळे डबे उघडून पोरांत वाटून टाकलेत आणि मावशीच्या तव्यावरची पहिली भाकर स्वतः खाल्लीत. मावशी म्हणजे तिथलीच पावरा बाई, शिबिराचं स्वयंपाकघर पहिल्यापासून तिचंच. दुसऱ्या दिवशी त्याच पोरांनी तिच्याकडून उडदाची डाळ मागून मागून घेतली. तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या बापासारखा माणूस जिल्ह्यात नाही.

आणि त्याच वेळी खाली शहाद्यात, आपल्या घराच्या मागच्या खोलीत, धाकटी होती. जन्मतःच हातपाय वाकडे, मान सावरत नाही, तोंडातून लाळ, हसली की शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल एवढ्यानं हसणारी. कोणी भेटायला आलं की तुम्ही मागचं दार ओढून घ्यायचात आणि रेडिओ मोठा करायचात. पाहुणे म्हणायचे, मास्तरांना गाण्याचा फार नाद. पाहुणे गेले की रेडिओ बंद, दार उघडं, आणि तुम्ही तिच्यापाशी. कोमट तेल लावून तिचे पाय तासन् तास चोळायचात. तिची नखं आईलासुद्धा कापू द्यायचा नाहीत, लागेल म्हणून. तिला एकच शब्द स्वच्छ म्हणता यायचा, आप्पा, आणि तो तिच्याकडून तुम्ही पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचात. रस्त्याकडचं दार लावलेलं असलं की तुमच्याइतका चांगला बाप दुसरा नव्हता.

शिबिराला मला न्यायचात. आई घरी. तिनं कधी विचारलं तर ठरलेलं उत्तर, “कोनी तरी घर ऱ्हावाले पाहिजे.” तोरणमाळ आपल्या घरापासून किती लांब, आप्पा? लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. आईनं तो तलाव फक्त माझ्या तोंडून ऐकला होता.

मी दहावीला होते त्या वर्षीचं शिबिर तुम्हाला आठवत नसणार, किंवा आठवू द्यायचं नसणार. शेवटचा दिवस. नंदुरबारहून कोणी साहेब आले आहेत, त्यांच्याबरोबर दोघंचौघं. मुलं गोल करून उभी आहेत, तुम्ही बोलताय. समाजानं ज्यांना दाराआड ठेवलं त्यांना आपण उजेडात आणलं, असं काहीतरी. घाटातून प्रवाशांची जीप वर येते, थांबते, आणि आधी उतरते आई. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली. मग ती आत वाकून धाकटीला काढते आणि खांद्यावर घेते. धाकटी तेव्हा चांगली आठ-नऊ वर्षांची, हाडापेरानं मोठी, तिचे पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबतायत. आई हसतेय. कारण तिला वाटलं होतं हे शिबिर असल्याच मुलांसाठी आहे, म्हणजे इथं तरी चालेल.

साहेबांनी विचारलं, “या कोण?”

तुम्ही आईकडे पाहिलंत. मी तुमच्या शेजारी होते, मी तुमचा चेहरा पाहत होते. तुम्ही म्हणालात, “या एक पालक आहेत. शहाद्याहून आल्यात.”

किती स्वच्छ मराठी होती ती. आईचं हसू लगेच गेलं नाही, तिला ते वाक्य कळायला क्षण लागला. मग तिनं पदर पुढं ओढला आणि खरोखर पालकांसारखी बाजूला जाऊन उभी राहिली. पण धाकटीला कुठं कळतंय. तिनं तुम्हाला पाहिलं आणि ओरडली, “आप्पा!” पुन्हा ओरडली. साहेब खूश झाले. “अरे वा, ही मुलगी तुम्हाला आप्पा म्हणते!” आणि तुम्ही हसून म्हणालात, “इथली सगळीच मुलं म्हणतात.”

खोटं. सगळी मुलं तुम्हाला सर म्हणायची.

साहेब तलाव बघायला निघाले तेव्हा तुम्ही मागं राहून स्वयंपाकाच्या झोपडीत आलात. आई चुलीपाशी धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती, मावशी भाकरी थापत होती, मी दारात. तुम्ही आवाज चढवला नाहीत. “तू काबरं उनी? तुले कोनी बलावं व्हतं?”

आई म्हणाली, “तुमनी पोर शे ती. दुन्यानी पोरे तुमले चालतस, आपली नई चालस का?”

“लोके काय म्हनतीन? घरमा तशी पोर शे म्हनीसन यानी हे दुकान मांडं, अस्सं म्हनतीन.” मग तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. “आनि हिनं लगीन व्हवाले शे अजून. इचार कर.”

म्हणजे पहिली भीती ही, की तुमची सेवा निर्मळ दिसणार नाही. आणि ती बोलून दाखवल्यावर तुमची तुम्हालाच हलकी वाटली असावी, म्हणून माझं लग्न पुढं केलंत. मला कोणी विचारलं होतं? त्या दिवसापासून तुमच्या लाजेला माझं नाव चिकटलं, आप्पा, आणि ते मी पुढं कित्येक वर्षं वागवलं. आईनं माघार घेतली. माझ्याकडे बघून घेतली, हे मला जास्त लागलं.

मावशीनं हात धुतले. तिला अहिराणी पुरती समजायची. “तुम्ही दोघं भांडा,” ती म्हणाली. “पोरीला मी पाणी दाखवते.” तिनं धाकटीला उचलून बांबूच्या खुर्चीत बसवलं, एक टोक तिनं धरलं, एक मी, आणि आम्ही तिला तलावावर नेलं. पाण्यात पाय सोडल्यावर धाकटी अशी किंचाळली, अशी हसली, की पलीकडच्या काठावर उभ्या साहेबांनी वळून पाहिलं. त्यांच्याबरोबरच्या सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही नाही पाहिलंत. तोवर तुम्ही साहेबांना जाऊन मिळाला होतात आणि डोंगराकडे हात करून काहीतरी दाखवत होतात. परत आलो तर आई जीपमध्ये बसलेली होती. तलावापर्यंत ती आलीच नाही. पुढं कधीही, तुम्ही असताना आणि नसताना, तोरणमाळचं नाव तिनं काढलं नाही.

तुम्ही गेलात ते शाळेच्या मैदानावर, छातीत कळ येऊन, सगळ्यांच्या देखत. केवढी माणसं आली. कुबड्या घेऊन, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, धडगावकडून मिळेल त्या गाडीनं. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि एवढ्या गर्दीत, मागच्या खोलीतून धाकटीचा आवाज आला तसा आपल्याच कोणा नातलगानं सवयीनं ते दार ओढून घेतलं. आई तुमच्या उशाशी बसली होती. ती उठली, जाऊन दार उघडलं, आणि परत येऊन बसली.  आता तीही नाही. तुम्ही गेल्यावर मुलाकडचे मला बघायला आले तेव्हा मी आधी धाकटीला पुढच्या खोलीत आणून बसवलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चहा घेतला, आणि जाताना होकार देऊन गेले. तुमचं एवढं मोठं कारण एका चहात संपलं. धाकटी आज माझ्याच घरी असते, आणि माझ्या सासूचं तिच्याशिवाय पान हलत नाही.

तुमचं शिबिर आता जो चालवतो तो तुम्हाला आठवेल. जन्मांध, डोंगरातला, शिबिरात पहिल्यांदा आला तेव्हा कोणाचाच हात सोडत नव्हता तो. त्याला तुम्ही खांद्यावर बसवून सीताखाईच्या कड्यापर्यंत नेलं होतंत, वारा कसा वर येतो ते कळावं म्हणून. आता तो आश्रमशाळेत मास्तर आहे. त्यानंच फोन केला, सरांचं नाव देतोय, ताई, तुम्ही या. मी धाकटीला घेऊन गेले. हट्टानंच नेलं म्हणा.

त्यानं आवाजावरून मला ओळखलं. धाकटीचा हात त्याच्या हाताला लागला तसा त्यानं तो धरला, बोटं चाचपली. “या कोण?”

“माझी बहीण. सरांची धाकटी मुलगी.”

“पण सरांना तर एकच मुलगी. सर स्वतः सांगायचे आम्हाला.”

म्हणजे साहेबांपुढं तोंडातून निसटलेलं ते एक वाक्य नव्हतं. तुम्ही हे नेहमीच सांगत होतात. ज्यांना दिसत नाही अशा मुलांनासुद्धा.

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. पालक, जीप, झोपडी, सगळं. तो तिचा हात धरून उभा होता, मान जराशी कलती, उत्तराची वाट बघत. आणि मी म्हणाले, “लोकांनी दया दाखवू नये म्हणून बोलायचे नाहीत ते तिच्याबद्दल.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. नंतर मुलांपुढं तो हेच बोलला. सरांच्या स्वतःच्या घरी असं लेकरू होतं, पण सरांनी त्याचं कधी भांडवल केलं नाही, एवढे ते मोठे होते. टाळ्या वाजल्या. धाकटीला टाळ्या आवडतात, तीही ओरडली. तुमचं नाव तिथं लागलं ते माझ्या खोट्यामुळं आणखी मोठं होऊन लागलं, आप्पा. आई असती तर माझ्याशी बोलणं टाकलं असतं तिनं.

घाट उतरताना मी स्वतःला समजावलं, की त्या मास्तरासाठी केलं. ज्याच्या खांद्यावरून त्यानं जग पाहिलं तो खांदा मी कशाला काढून घेऊ. हे तुम्हाला कळवून तरी काय होणार, आणि कळवणार कुठं. कागद इथंच राहील. पण तुम्हाला म्हणून एक सांगते, ते कारण पुरतं खरं नाही. तो बोलत होता तेव्हा मी खाली मान घालून ऐकत होते, आणि तो सांगत होता तसेच तुम्ही होतात असं, थोडा वेळ का होईना, मलाही खरं वाटलं. आणि मला ते हवं होतं.