दोन सीटची लाल गाडी

४ जानेवारी

आज ह्यांनी मान वळवली!

व्यायामवाल्या बाईंकडून रिक्षाने परत येत होतो. कोन गावाजवळ दयारामच्या गॅरेजात एक लाल गाडी उभी होती. दोनच सीटची, टप उघडणारी, शर्यतीतल्यासारखी. धुळीने माखलेली. रिक्षा पुढे गेली तरी हे वळून तिच्याकडेच बघत राहिले.

लकवा होऊन दीड वर्ष झालं. डाव्या हाताने वॉकर धरून चालतात, उजवा हात लुळा. एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, थोडं बोलता येईल, पण त्यांनी मनावर घ्यायला हवं. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. आता दिवसभर खिडकीशी बसतात, आणि बाहेर बघतात असंही नाही.

७ जानेवारी

एकटीच गॅरेजात गेले. गाडीचा मालक उलव्याचा, परदेशी गेला, विकायचं दयारामवर सोपवून. गोव्यात बनायची म्हणे, कारखाना केव्हाच बंद. चालू असती तर भाव विचारायची हिंमत झाली नसती. बंद आहे, म्हणून विचारला.

दयाराम ह्यांना दादा म्हणतो. त्याला विकायचं होतं, तरी म्हणाला, "वयनी, ही घेऊन तुमी करनार काय? तुमाला सायकल पन येत नाय."

खरं आहे.

८ जानेवारी

दीपेशला खारघरला फोन केला. चिडला. त्या पैशात बाबांसाठी दिवसभराची बाई ठेवता येईल म्हणाला. बरोबर आहे पोराचं. ह्यांनी मान वळवल्याचं मी सांगितलं. त्यावर म्हणाला,

"आई, लाल रंग दिसला असेल नुसता."

१५ जानेवारी

घेतली. शाळेतून निवृत्त होताना मिळालं त्यातलं उरलंसुरलं गेलं.

क्रेनने आणून आवारात ठेवली. हे खिडकीत होते. मी खालून हात हलवला — बघा, बघा. त्यांनी वॉकर ओढला आणि आत गेले.

१६ जानेवारी

खिडकीशी बसले नाहीत.

१७ जानेवारी

आजही नाही. पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. होती ती खिडकीही मी घालवली.

२९ जानेवारी

दयारामने येऊन बॉनेट उघडलं. इंजिन जाम. पार्ट मिळत नाहीत. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवता येईल, पण ते या गाडीपेक्षा महाग. शिवाय पासिंग संपलेलं, आणि बंद गाडी पासिंगला न्यायची कशी? तो वाईट वाटल्यासारखा उभा होता. चहा दिला, प्यायला नाही.

१० फेब्रुवारी

सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. माणूस सभ्य. चपला दाराबाहेर काढून, खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, काकू, राग मानू नका, पण लोक विचारतात हे भंगार कधी हलणार. मागचा एक टायर पूर्ण बसलाय. मुलं काचेवर बोटाने काहीबाही लिहितात.

हे आतल्या खोलीत होते. सगळं ऐकलं असणार.

२१ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

ह्यांना खाली नेलं. नको-नको म्हणून डोकं हलवत होते, तरी नेलं. सीट इतकी खाली! बसवताना माझा हात सुटला आणि ते गुडघ्यांवर पडले. वॉचमनने उचललं. गॅलरीतून लोक बघत होते.

गुडघ्याला डेटॉल लावलं. माझ्याकडे बघेनात. गाडी मी कोणासाठी घेतली? ह्यांच्यासाठी, असं सगळ्यांना सांगते. पण त्या दिवशी रिक्षात ते गाडीकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मला वाटलं होतं, एकदा मान वळली, आता कधीतरी माझ्याकडेही वळेल. एवढाच माझा लोभ.

२ मार्च

कळंबोलीच्या भंगारवाल्याशी बोलले. परवा येतो म्हणाला. वजनावर घेतो. लाल काय नि पांढरी काय, त्याला सारखंच.

दीपेशला सांगितलं. "बरं केलंस," म्हणाला. आवाज मऊ होता. त्यानेच जास्त रडू आलं.

ह्यांनाही सांगितलं. भिंतीकडे बघत होते.

४ मार्च

भंगारवाला यायच्या आधी खाली गेले. गाडीतली पायपुसणी तेवढी काढून घ्यायची होती. काढली, आणि पहिल्यांदाच स्टिअरिंगपाशी बसले. किती बसले कोण जाणे. लिफ्टचं दार वाजलं. वॉकर फरशीवर टेकत टेकत आला. हे — एकटे! वॉचमन धावला, त्याच्या खांद्याला धरून डाव्या सीटवर बसले. धाप लागली होती.

रडू दिसू नये म्हणून गिअरचा दांडा ढकलत बसले. जाईना. आणखी जोर लावला.

"आदी... क्लच दाब गो."

घोगरा, फाटका आवाज. त्यांचाच.

मी दाबला.