गुडघा, खिडकी आणि मी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो कागदावरच घालतोय, चालवून घे.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? भावजींनी कानाचं यंत्र बसवल्याचं कळलं. आता तू जरा जपून बोलत जा.

तुझे आभार मानायला बसलोय, पण आधी भांडतो. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालीस तरी तुझी खोड जात नाही. तुमच्या तिथल्या सरकारी दवाखान्याने लांबच्या गावांचं म्हणणं ऐकायला तिकडच्या माणसांची नावं मागवली आणि तू मला न विचारता माझं नाव देऊन मोकळी! मला पत्र आलं ते इतकंच, “आपल्या अडचणी मांडण्यासाठी सोमवारी दुपारी बारा वाजता यावे.” माझी अडचण एकच, उजवा गुडघा. मला वाटलं, तुझ्या वशिल्याने तपासणी ठरली. रक्त काढतील म्हणून सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही. (तुझ्या भावजयीने शेजारीपाजारी सांगितलं की ह्यांचं ऑपरेशन आहे. सव्वातीन तास बसमध्ये लोक मला खिडकीची जागा देत होते.)

वरच्या मजल्यावर लांबलचक टेबल, सात-आठ माणसं, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. मनात म्हटलं, एका गुडघ्याला इतके डॉक्टर! मधल्या खुर्चीतल्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बोला, काय त्रास आहे?” मी विजार वर गुंडाळली, पाय शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि म्हटलं, “वाकवला की कट्ट करतो.” खात्री पटावी म्हणून वाकवूनही दाखवला. टोकाला बसलेल्या लेखनिकाने ते इमानेइतबारे लिहून घेतलं.

बाईंनी हसू दाबत विचारलं, “मग आधी का नाही दाखवलात?” बस्स, ताई, उपाशी माणसाला असलं विचारू नये. म्हटलं, चार वेळा आलो होतो! आमच्याकडून येणारी एकच बस सव्वाअकराला पोचते आणि तुमची केसपेपरची खिडकी अकराला बंद होते. आतला माणूस ‘वेळ पाळा’ या पाटीकडे बोट दाखवतो. मी पाळीन हो, बसला कोण सांगणार?

असे किती जण परत जातात, असं बाईंनी विचारलं, तर टेबलाभोवती कुणालाच माहीत नाही. मी म्हटलं, “गेल्या महिन्यात बावीस.” माझं शिवणाचं दुकान बस थांबते तिथंच, आणि त्या बावीस जणांचे कपडे मीच शिवलेले. निळ्या चौकड्यांचा शर्ट दोनदा परत आला, बंद गळ्याचा कोट तीनदा. शेजारच्या सुतारांची सून तर आठव्या महिन्यात, मीच सैल करून दिलेल्या झग्यात, दोनदा तशीच माघारी आली. विजार अजून वरच होती, हे तेव्हा लक्षात आलं.

बाईंनी त्या दिवशीच खिडकी दीडपर्यंत उघडी ठेवायला लावली. (आणि गुडघाही दाबून बघितला. मांडी घालून काजं-बटणं करायची बंद, एवढंच.) तिसऱ्या दिवशी सून तपासणीला गेली. रक्त फार कमी निघालं, लगेच ठेवून घेतलं. परवा मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. सुतार माझ्याकडे आला, कातरीला धार लावून देऊन गेला. ताई, माझं कुणी कधी लिहून घेईल असं वाटलं नव्हतं. तुझ्यामुळे घेतलं. आणखी काय लिहू?

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. गावातल्या बायका म्हणाल्या, “खिडकीचं तुम्ही सांगितलंत, पण आमच्या दुखण्यांचं तुम्हाला कोण सांगणार?” पुढच्या बैठकीला त्यांनी तुझ्या भावजयीला निवडलंय. चार माणसांत बोलायची तिला सवय नाही. (घरात एकाच माणसाशी बोलते, ते पुरेसं होतं.) आदल्या दिवशी तुझ्याकडे उतरेल. तेवढी तिच्या शेजारी बस.

ता. क. २ : तिने पत्र वाचलं. म्हणते, बोलायची भीती मुळीच नाही, बाया बोलत होत्या ते तिला तोंडपाठ आहे. मी बरोबर येऊ नये, एवढंच तू मला ठणकावून कळवावंस.